हेर्लेकर सरांचा वडा

"आज सरांस्नी वडा द्यायचा नाही," मालक म्हणाले.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गुरुवारची दुपार होती. समीक्षकांच्या खास खेळाला थोडाच वेळ उरला होता आणि टॉकीजमागच्या बोळात कॅन्टीनवाल्याची कढई तापली होती.

"खोराटे, काय म्हणालो मी?"

"वडा द्यायचा नाही. बिघडलाय काय वडा?"

"वड्याला काय धाड भरलीय! बाकीच्यांना दोन-दोन द्या. फक्त हेर्लेकर सरांस्नी नाही. आन् रिक्षा पाठवू नका त्यांना. चालत येऊ देत. बाल्कनीत टॉवेल टाकलेली खुर्ची असती न्हवं त्यांची, तिथं दुसऱ्या कुणाला तरी बसवा. सरांस्नी खाली, खांबाजवळ."

"मालक, ते खवळतील."

"मग काय हसायला पायजेत? खवळायलाच पायजेत!" मालकांनी टेबलावर मूठ आपटली.

ही गोष्ट कोल्हापूरची, नव्वद सालच्या आसपासची. मी विजयश्री टॉकीजचा मॅनेजर होतो आणि चंद्रोजीराव सरनोबत माझे मालक. नवा मराठी सिनेमा शुक्रवारी लागायचा असला, की आदल्या दुपारी समीक्षकांसाठी एक खेळ करायची आमच्याकडे पद्धत होती. खेळ फुकट, रिक्षा फुकट, मध्यंतरात बटाटेवडे फुकट. ही मंडळी सिनेमा बघायला यायची असं म्हणणं म्हणजे लग्नाला आलेले सगळे मंत्र ऐकायला आले असं म्हणण्यासारखं आहे.

समीक्षक ही जमात मी फार जवळून बघितलीय, आणि जवळून बघितल्यावर आदर राहील अशी ती जमात नव्हे. एक जण मुंबईहून आलेलं माहितीपत्रक जसंच्या तसं उतरवून खाली आपलं नाव टाकायचा. दुसरा आधी कुस्तीच्या बातम्या द्यायचा, त्यामुळे त्याच्या लेखात नायिकासुद्धा प्रतिस्पर्ध्यावर मात करायची. तिसऱ्याला पास लागायचे. घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि शेजाऱ्यांकडे आलेल्या पाहुण्यांना. तिघंही मध्यंतरात वडे खाऊन, हात पुसून निघायचे आणि जाता जाता मला विचारायचे, "शेवटी मरतो का हो तो?" मी लहर लागेल तसं सांगायचो. जिवंत राहिलेल्या कितीतरी नायकांचे मृत्यू त्यांनी 'चटका लावणारे' म्हणून छापलेत. वाचणाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण ह्यांचं कोणी वाचतच नव्हतं.

वाचायचे ते एकट्या हेर्लेकर सरांचं. प्राध्यापक यशवंत जनार्दन हेर्लेकर, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. उंच, सडसडीत, बारा महिने बंद गळ्याचा कोट, आणि बोलणं नाकातून. दर रविवारी त्यांचं 'रुपेरी निकष' यायचं आणि अख्खं गाव ते चहाबरोबर वाचायचं. वाचायचं आणि त्याच्या बरोब्बर उलट वागायचं.

हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण सरांनी एखाद्या सिनेमाला 'आशयघन' म्हटलं, की आमच्या बुकिंगवाल्याने पेपर उघडून वाचत बसावं. 'संयत' म्हटलं तर डोअरकीपरला सुट्टी द्यावी. आणि 'बीभत्स', 'सवंग', 'सुसंस्कृत माणसाने पाहू नये' असं काही आलं, की सोमवारी लाठीमार ठरलेला. रांगेतल्या बायका एकमेकींना विचारायच्या, "सरांनी चांगला म्हटलाय व्हय? मग नको गं बाई. डोकं उठंल." मालक रविवारी सकाळी बाकी पेपर बाजूला टाकून आधी 'रुपेरी निकष' वाचायचे आणि शिव्या असल्या तर देवाला नारळ पाठवायचे.

बिचाऱ्या सरांना ह्यातलं काही कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. माणूस इतकं वाचतो, इतकं लिहितो आणि आपल्या लिहिण्याने काय होतं हे त्याला दिसत नाही, याची मला मनातून फार मौज वाटायची. त्यातून सर झोपायचे. सगळ्याच सिनेमांना नाही, पण पुष्कळदा. बाल्कनीतल्या टॉवेलवर मान टाकून मस्त घोरायचे, दिवे लागले की उठायचे आणि रविवारी त्याच सिनेमावर दोन रकाने भरून स्तुती छापून आणायचे. विद्वान म्हणून मी नमस्कार करायचो, पण वळलो की हसू दाबावं लागायचं.

तर त्या गुरुवारचा सिनेमा होता 'पितळी बँड'. कोल्हापूरच्याच एका पोराने काढलेला, पराग आडनाईकने. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि गोष्ट त्यांचीच होती. बँडवाल्याच्या मुलीचं मोठ्या घरात जमतं. सासरच्यांना वाटतं, नवरीचा बाप रस्त्यावर पिपाणी वाजवतो हे पाहुण्यांना कळू नये. आणि लग्नाच्या दिवशी ठरलेला बँड येत नाही. एवढीच गोष्ट. नट कुणी ओळखीचे नाहीत, गाणी धड दोन. वितरकाने अंगावरची पाल झटकावी तसा तो झटकला होता. "एक आठवडा विजयश्रीला लावतो," म्हणाला. "चालला तर पुढची गावं. नाही चालला तर रिळांचे डबे परत, आणि पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

मालकांनी तो आधी एकट्याने बघितला होता. चंद्रोजीराव सरनोबत म्हणजे बापाच्या तेराव्याला जेवण कमी पडलं म्हणून आचाऱ्याला झापणारा माणूस. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल.

"मला रडवलं रांडेच्यानं," ते म्हणाले होते. "आता गावाला रडवायचं. पण माणसं आत कशी आणायची? सरांस्नी जर का हा आवडला तर मेलाच पोरगा."

म्हणून वडा बंद. सरांचा एवढा अपमान करायचा, की रविवारी त्यांनी दात-ओठ खाऊन लिहिलं पाहिजे. बेत तसा मलाही पटला. समीक्षकाचं मत पोटातून जातं हे मी रोज बघत होतो.

अडचण होती परागची. तो सकाळपासूनच शाल आणि नारळ घेऊन टॉकीजच्या पायरीवर बसला होता.

"खोराटेकाका, सर आले की मला सांगाल न्हवं? पाया पडायचंय. सरांनी चार ओळी चांगल्या लिहिल्या की मला बाकी कुणाचं काय नको."

"लिहितील, लिहितील," म्हणत मी त्याला पोस्टरच्या खोलीत नेलं, फाटकी पोस्टरं चिकटवायच्या कामाला बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

सर आले ते भर उन्हात छत्री घेऊन, चालत. कोट पाठीला चिकटला होता. व्हरांड्यात बाकीचे तिघं आधीच वड्यांवर तुटून पडले होते. आज त्यांना मध्यंतरापर्यंतसुद्धा थांबवलं नव्हतं. सरांनी त्यांच्या ताटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, बाल्कनीत दुरुस्ती चाललीय," मी म्हणालो. नेमकं त्याच वेळी कुस्तीवाला ताटली घेऊन हसत बाल्कनीचा जिना चढला.

"असू दे," सर म्हणाले आणि मी दाखवलेल्या खुर्चीत खांबाआड जाऊन बसले. त्या खुर्चीचा एक हात तुटलेला होता.

मध्यंतरात तिघं समीक्षक नेहमीप्रमाणे निघाले. "नवरीचा बाप मरतो का हो?" पासवाल्याने विचारलं. "मरतो," मी म्हणालो, "बँड वाजवतानाच." त्याने लगेच टिपून घेतलं. सर जागचे हलले नाहीत. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या भागात ते झोपलेत का बघायला मी पडद्याशेजारच्या दारातून डोकावलो. सर झोपले नव्हते. खांब आड येतो म्हणून ते खुर्चीच्या कडेवर सरकले होते आणि मान वाकडी करून, तोंड उघडं टाकून बघत होते. पडद्यावर लाल गणवेशातला बाप वरातीच्या पुढे उभा होता. व्याही त्याला हळूच सांगत होता, तुम्ही मागे व्हा, फोटो काढायचेत. मग मुलगी पालखीतून खाली उतरते आणि सगळ्यांदेखत त्याच्या गणवेशाचं सुटलेलं बटण लावते. बाप क्लॅरिनेट तोंडाला लावतो, आणि वाजत काहीच नाही.

दिवे लागले. सर चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

"खोराटे," त्यांनी हाक मारली. "बसा इथे."

मी शेजारी बसलो.

"वडा का नाही दिलात?"

"संपले, सर."

"खोटं बोलताना तुम्ही कानाची पाळी धरता. शेवटी मरतो का हे त्या लोकांना सांगतानाही धरता." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला राग यावा म्हणून दिला नाहीत. रागाच्या भरात मी सिनेमाला शिव्या घालाव्यात, म्हणून. मी शिव्या घातल्या की तुमची टॉकीज भरते."

मी कानावरचा हात खाली घेतला.

"हे मला माहीत नाही असं वाटत होतं तुम्हाला? अहो, माझी बायकोसुद्धा मी नावाजलेले सिनेमे बघत नाही!"

मग त्यांनी सांगितलं. वर्गात शिकवतात तसं, सावकाश, नाकातून. तरुणपणी त्यांना एक सिनेमा मनापासून आवडला होता. जीव ओतून लिहिलं. दोन दिवसांनी पुन्हा बघायला गेले, तर आत ते एकटे. आणि पलीकडच्या टॉकीजला, जिथला सिनेमा त्यांनी धुऊन काढला होता, तिथे रांग पार कोपऱ्यापर्यंत.

"मी तर्कशास्त्र शिकवतो, खोराटे. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढत नाही. पुढची बरीच परीक्षणं मुद्दाम उलटी लिहून पाहिली. निष्कर्ष पक्का झाला. लोकांना माझ्यासारख्या माणसाचा तिटकारा आहे. कोट, चष्मा, माझे शब्द, सगळ्याचाच. तो तिटकारा काही मला घालवता येणार नव्हता. म्हणून मी तो कामाला लावला."

"म्हणजे तुम्ही ज्यांना आशयघन म्हणता—"

"ते टाकाऊ असतात. लोकांचे तीन तास त्यात वाया जाऊ नयेत, याची मी व्यवस्था करतो. आणि जो खरोखर चांगला असेल, त्याला झोडपतो. परीक्षण कशासाठी असतं? चांगला सिनेमा लोकांनी बघावा, वाईट बघू नये. तेवढं झालं की झालं. वाक्यं कोणती वापरली, याला कोण विचारतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झोपले होते ते सगळे सिनेमे त्यांनी नावाजलेले! आणि शिव्या घातलेला एकही सिनेमा त्यांनी झोपून काढला नव्हता. इतकी वर्षं मी ज्या माणसाला हसत होतो, तो सगळ्या गावाला खुशाल नाचवत होता.

"मग आजचं सोपं आहे, सर," मी म्हणालो. "हाणा चार शिव्या."

सर पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले.

"आज नाही होणार," ते म्हणाले. "हा फार चांगला आहे. मला एकदा खरं लिहायचंय, खोराटे. इतकी वर्षं लिहिलं, त्यातलं एक वाक्य माझं नाही. निदान एकदा तरी माझ्या नावावर जे छापून येईल, ते मला खरंच वाटलेलं असावं."

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो संताप. इतकी वर्षं माणूस शहाण्यासारखा वागला आणि ऐन वेळी ह्याला लेखक व्हायचंय!

"लिहा की," मी म्हणालो. "झकास लिहा. पुढच्या शुक्रवारी डबे परत जातील. पोराला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. पण तुमचा लेख तेवढा खरा होईल."

"मला कळतं ते."

"कळतं तर मग झालं."

सर छत्रीची मूठ घट्ट धरून बसले होते. ते काय करणार हे मला त्या घडीला खरंच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दार ढकलून पराग आत आला. कुणीतरी कडी काढली होती. हाताला खळ लागलेली, काखेत शाल, हातात नारळ. तो धावत आला आणि सरांच्या पायावर डोकंच ठेवलं त्याने.

"सर, मी पराग आडनाईक. तुमचं सगळं लिखाण मी कापून चिकटवून ठेवलंय. तुम्ही ज्या ज्या सिनेमाला चांगलं म्हणालात, तो तो मी बघितलाय. दोन-दोनदा. टॉकीजमध्ये मी एकटाच असायचो, पण बघितलाय. सिनेमा म्हणजे काय, ते मी तुमच्याकडूनच शिकलो, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. रिकाम्या टॉकीजमध्ये पुढून तिसऱ्या रांगेत एक पोरगा बसलेला असायचा, हे मला आठवलं. आम्हाला वाटायचं, घरी पंखा नसेल.

"फक्त हा तेवढा तसा झाला नाही," पराग अपराध्यासारखा म्हणाला. "हा आमच्या आबांचा आहे. पुढचा तुम्हाला आवडेल तसा करीन. पण हा... कसा वाटला, सर?"

सर उठले. कोट झटकला.

"तो नारळ आधी बाजूला घ्या," ते नाकातून म्हणाले. "शाल पांघरवून समीक्षा विकत मिळत नाही. सिनेमा अत्यंत सामान्य आहे. बापाची कीव यावी म्हणून केलेला रडका तमाशा. बाकीचं रविवारी वाचा."

पोराच्या तोंडावर थोबाडीत बसल्यासारखे भाव होते. नारळ त्याच्या हातातून सुटला नाही, एवढंच. सर मागे न बघता निघाले. दारापर्यंत मी गेलो, तर पायरीवर थांबून हळूच म्हणाले, "त्याला सांगायचं नाही. कुणालाच नाही. गावाला कळलं तर माझं लिहिणं कशाच्याही उपयोगाचं राहणार नाही."

आणि छत्री उघडून चालायला लागले. रिक्षा बोलवायचं मला सुचलंसुद्धा नाही.

रविवारचं 'रुपेरी निकष' वाचून मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले. तसल्या शिव्या सरांनी आजवर कुणालाच दिल्या नव्हत्या. 'पोटच्या मुलीच्या लग्नात बापाने रस्त्यावर वाजंत्री वाजवावी ही कल्पनाच किळसवाणी आहे. अखेरच्या प्रसंगात तर प्रेक्षकांना ढसाढसा रडवण्याचा निर्लज्ज डाव आहे. सुसंस्कृत कुटुंबांनी आपल्या लेकीसुनांना घेऊन विजयश्रीच्या वाटेलाही जाऊ नये.' मी ते तीनदा वाचलं. मुलगी उतरते, बटण लावते, बाप वाजवत नाही. एकूण एक चांगली जागा त्यात होती, शिवीच्या कागदात गुंडाळलेली.

दुपारच्या खेळाला रांग रस्त्यावर गेली. लेकीसुनांना घेऊन, डबे बांधून, टेम्पो करून माणसं आली. हाऊसफुल्लचा बोर्ड आम्ही शोधून काढला तर त्यावरचा रंग उडाला होता, तो नव्याने रंगवला. बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडायच्या आणि म्हणायच्या, "मुडदा बशिवला त्या मास्तराचा! ह्याला काळीज हाय का?" आणि पुढच्या खेळाला जावेला घेऊन यायच्या. वितरक, ज्याने दारात यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तो पेढे घेऊन परागच्या दारात गेला. सिनेमा सांगलीला लागला, साताऱ्याला लागला, पुण्याला लागला.

शंभराव्या दिवशी विजयश्रीत समारंभ झाला. परागने आग्रहाने सरांना बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, पोरगं मोठ्या मनाचं आहे. कसलं काय! स्टेजवर गेल्यावर त्याने खिशातून ते परीक्षण काढलं आणि नाकातून, सरांची नक्कल करत, पहिल्या शब्दापासून वाचलं. टॉकीज हसून लोळायला लागली. शिट्ट्या झाल्या. ज्या लोकांना सरांनी हाताला धरून त्या खुर्च्यांत आणून बसवलं होतं, तेच लोक.

"आणि माझ्या आबांना किळसवाणं म्हणणाऱ्या ह्या विद्वानांचा राग कशाचा होता, माहितीय?" पराग म्हणाला. हे त्याला कॅन्टीनवाल्याकडून कळलं असणार. "त्या दिवशी ह्यांना वडा मिळाला नव्हता! आज तो देऊन टाकतो."

एक पोरगी थाळीत एकच वडा घेऊन आली आणि सरांपुढे उभी राहिली. माझं डोकं फिरलं. मी उठून स्टेजकडे निघालो. खरं काय ते सांगून टाकणार होतो, गाव गेलं खड्ड्यात. सरांनी माझा हात धरला.

"बसा, खोराटे," ते म्हणाले. वडा उचलला, सावकाश खाल्ला, रुमालाने बोटं पुसली. "चांगला झालाय."

त्या दिवसापासून पराग माझ्या मनातून उतरला. बापाच्या अपमानाचा राग त्याला यायलाच हवा होता, ते कबूल. पण म्हाताऱ्या माणसाला हजारभर लोकांत वडा खायला लावताना त्याला जे सुख होत होतं, ते बापाच्या मायेचं नव्हतं. 'खोराटेकाका' म्हणायचंही त्याने त्याच सुमाराला सोडलं. नुसतं खोराटे.

पुढचा सिनेमा यायला काही वर्षं गेली. 'काळोखाचे आरसे' त्याचं नाव. समीक्षकांच्या खेळाला पराग काळा चष्मा लावून मोटारीतून आला. ह्या वेळी मालकांचा काही हुकूम नव्हता. मी रिक्षा पाठवली, बाल्कनीत टॉवेल टाकला, वडे ठेवले. पडद्यावर एक माणूस जिना चढत होता. बराच वेळ चढला. मग आरशात बघितलं. मग दुसऱ्याने आरशात बघितलं. सर तोवर घोरायला लागले होते.

रविवारी अख्खं पान. 'आशयघन. संयत. चिंतनशील. मराठी चित्रपटाला अखेर आपला चेहरा गवसला.' पराग तो पेपर नाचवतच टॉकीजमध्ये आला. "बघा खोराटे, शेवटी म्हातारा नमला!" त्याच्यामागे टॉकीज रिकामी होती. बुकिंगवाला पेपर वाचत होता.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो.

"सर, त्या वड्याचा राग काढलात?"

"राग कसला?" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "सिनेमा वाईट होता. दुसरं काय लिहिणार?" मग म्हणाले, "आणि वाईट का होता, कळलं ना तुम्हाला? जिना, आरसे, ते थांबणं. मी नावाजलेला एक-एक सिनेमा त्यात होता. एवढ्या मोठ्या गावात माझं खरं मानणारा एकच निघाला, आणि मी त्याला काय शिकवलं बघा."

त्यानंतर त्यांनी 'रुपेरी निकष' बंद केलं. गावाला चुकल्यासारखं झालं, कारण आता कुठला सिनेमा बघायचा ते कळेना.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. विजयश्री पाडून तिथे कपड्यांचं दुकान झालंय. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी पुण्याला परागकडे गेलो होतो. त्याने पुढे काही सिनेमे काढले, एकही चालला नाही. हल्ली तो सिनेमा कसा बघावा यावर शिबिरं घेतो. दिवाणखान्यात, देवाच्या जागी म्हणावं तशा ठिकाणी, काचेच्या चौकटीत ते अख्खं पान लावलंय. 'काळोखाचे आरसे'चं.

"सरांचं," तो म्हणाला. "लोकांनी किती का पाडला, सरांना कळला. एवढं एक असलं की माणूस जगतो, खोराटे."

आता सांगायला हरकत नव्हती. सरांना दिलेला शब्द सरांबरोबर गेला होता. पण काचेवर धुळीचा कण नव्हता. रोज पुसत असणार. मी चष्मा लावून ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"आणि 'पितळी बँड'चं कुठंय?" मी विचारलं.

"ते होय?" तो हसला. "ते मी तेव्हाच फाडून टाकलं."